शेवटून पहिली

मागच्या अंकात गुडघ्यांबद्दल लिहिताना ओघात एक वाक्य लिहून गेले, की वयाच्या ६६व्या वर्षी कोलंबियाच्या जंगलात चार दिवस चालून आले आणि शेवटच्या दिवशी खेचरावर बसले. गुडघ्यांबद्दल एकही पत्र आलं नाही. जंगलाबद्दल आणि खेचराबद्दल मात्र इतकी आली, की संपादकांनी या वेळचं सदर त्यालाच देऊन टाकलं.

जागा कोणती ते आधी सांगते, कारण तिघांनी ‘तुमची अमेझॉनची सफर’ असं लिहिलंय. अमेझॉन तिथून फार लांब. कोलंबियाच्या उत्तर टोकाला, कॅरिबियन समुद्राला लागूनच सिएरा नेवादा दे सांता मार्ता नावाचा डोंगर आहे. त्याची बर्फाची शिखरं ५,७०० मीटरच्या आसपास आणि समुद्र तिथून जेमतेम ४२ किलोमीटर. या डोंगराच्या उत्तर अंगाला, बुरिताका नदीच्या वरच्या खोऱ्यात एक जुनं दगडी शहर आहे. तिथल्या लोकांचं तेयुना, स्पॅनिशमध्ये सिउदाद पेर्दिदा, म्हणजे हरवलेलं शहर. गाडीरस्ता नाही. एल मामेय या गावापासून चालत जायचं आणि चालतच परत यायचं, बहुतेक लोक चार दिवसांत. मुलगी ह्यूस्टनला असते, तिच्याकडे गेले होते, तिथून आम्ही दोघी गेलो. आमचे हे ह्यूस्टनलाच राहिले. त्यांना डास चालत नाहीत.

प्रश्न : माझे वय ६४. रोज सकाळी ५ किलोमीटर चालतो. साखर, रक्तदाब काही नाही. असा ट्रेक मला झेपेल का? तयारी किती महिने करावी? (एक वाचक, चिपळूण)

चालायला झेपेल. उतरायला झेपेल का, ते तुमचं तुम्हीच बघायचं.

मी पाच महिने तयारी केली आणि ती सगळी अर्धवट केली, हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. पुण्यात राहते, त्यामुळे दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड. वेळ लावून चढायची. वर गेलं की पिठलं-भाकरी, ताक, आणि मग गुडघे जपायचे म्हणून खाली जीपने. पाच महिने न चुकता चढले आणि पाच महिने न चुकता जीपने उतरले. आठवड्यातून दोनदा पर्वती होती. पण पर्वतीच्या पायऱ्या १०३, त्याही रुंद आणि सावकाश चढणाऱ्या. हत्तीने चढाव्यात अशा बांधल्यात म्हणतात. त्यांना उतरणं म्हणण्यात अर्थ नाही.

त्या जंगलात पहिल्या दिवसाची सुरुवात सोपी होते. मग तांबड्या मातीची खडी चढण, सावली जवळजवळ नाही, घाम इतका की टोपीच्या कडेवरून थेंब पडतात. ती मी बरी चढले. आमच्या गटात नऊजण होते, जर्मन, डच, फ्रेंच, सगळे पंचविशी-तिशीतले, आणि त्यातल्या दोघांच्या पुढे होते मी. तेवढ्यात रोजचा दुपारचा पाऊस आला. चढ संपला आणि मुक्कामाकडे उतार लागला. ओल्या मातीचा साबण झाला होता. आपल्याकडे घसारा म्हणतो त्यात निदान खडे तरी असतात, पाय कुठेतरी अडकतो. इथे तसं काही नाही. पाऊल टाकलं की ते स्वतःच्या मनाने पुढे जातं. तरुण मंडळी हसत, घसरत, बसत उतरली. मी एकेक पाऊल रोवत उतरले आणि मुक्कामावर पोचले तेव्हा बाकीचे नदीच्या डोहात पोहून अंग पुसत होते.

दुसरा दिवस सर्वांत लांब, १४-१५ किलोमीटर, सतत वर-खाली. दुपारी एका उतारावर दोन्ही मांड्या थरथरायला लागल्या. दुखत नव्हत्या, नुसत्या थरथरत होत्या, शिलाई मशीनच्या पायडलीसारख्या. त्याचं कारण नंतर मुलीच्या ओळखीतल्या फिजिओथेरपिस्टने समजावलं. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडून वजन उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना शरीराचं वजन झेलतो, म्हणजे ब्रेकचं काम करतो. त्याची सवय नसेल तर तो लवकर थकतो आणि दुसऱ्या दिवशी ठणकतो. माझे ब्रेक पाच महिने जीपमध्ये बसून खाली येत होते.

तर भाऊ, तुमच्याकडे परशुराम घाट आहे, गोवळकोट आहे. चढताना घड्याळ बघू नका. उतरा, हळू उतरा, पाठीवर तीन-चार किलो घेऊन उतरा, आणि एक उतार तरी पावसात उतरून बघा. लागोपाठ दोन दिवस करा, कारण एका दिवसाचा ट्रेक आणि चार दिवसांचा ट्रेक यांतला फरक दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उठताना कळतो. काठ्या दोन घ्या, एक नको. उतारावर त्या थोड्या लांब करायच्या. पायांच्या अंगठ्यांची नखं निघायच्या आधी बारीक कापा आणि उतार सुरू होण्यापूर्वी बुटाची नाडी घोट्याशी घट्ट आवळा, म्हणजे पाऊल पुढे सरकून अंगठा आपटत नाही. मी नखं कापली नव्हती. दोन्ही अंगठे काळे पडले आणि पुढे ती नखं गेली. नवीन यायला बरेच महिने लागले. चपला घालताना शेजारणी विचारायच्या, काय झालं हो?

उंचीची काळजी करू नका. तेयुना ९०० ते १,२०० मीटरवर आहे, सिंहगडच त्याच्याहून थोडा उंच. हिमालयात लागणाऱ्या गोळ्यांचं इथे काम नाही. इथे छळतो तो दमटपणा.

प्रश्न : आईचे वय ६८. तिने असाच एक जंगल ट्रेक करायचा हट्ट धरला आहे. तिला कसे समजवावे? (एक वाचक, नागपूर)

मी तुझ्या आईच्या बाजूची आहे, हे तुला पत्र टाकतानाच कळायला हवं होतं.

पण माझ्या मुलीने काय केलं ते सांगते, त्यातून काय घ्यायचं ते घे. पहिले दोन दिवस ती माझ्या मागून चालत होती आणि दर पाच मिनिटांनी विचारत होती, “आई, ठीक ना?” तिला वाटत होतं ती मला सांभाळते आहे. मला वाटत होतं पाठीमागे कुणीतरी घड्याळ घेऊन उभं आहे. मागून पावलं ऐकू आली की माणूस नकळत वेग वाढवतो. माझी एकुलती एक घसरगुंडी अशीच झाली, उतारावर “हो ग, ठीक!” म्हणून वळून बघताना. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे आमच्या वाटाड्याने हे सोडवलं. तो विवा जमातीचा, तिशीतला, बोलणं कमी. त्याने मुलीला पुढे पाठवलं आणि स्वतः माझ्याबरोबर सर्वांत मागे राहिला. मला तो अबुएला म्हणायचा, म्हणजे आजी. त्याने एकदाही ठीक का म्हणून विचारलं नाही. मी थांबले की तोही थांबून एखादं झाड बघत उभा राहायचा, जणू ते झाड बघायलाच तो इथवर आला होता. शाळेत मी पहिली कधी आले नाही, पण त्या रांगेत शेवटून पहिली येण्यात फार सुख होतं. पुढच्या आठजणांच्या गप्पांनी उडून गेलेले पक्षी मी पोचेपर्यंत परत फांदीवर आलेले असायचे.

तेव्हा आईबरोबर गेलीस तर पुढे चाल. नाही गेलीस तर तिच्या गटात मागे चालणारा माणूस कोण असणार, एवढं आधी विचारून घे. आमच्या गटात वाटाड्या आणि त्याचा एक मदतनीस होता. एकच माणूस असेल तर तो सगळ्यांत पुढे जातो आणि मागचा देवाच्या भरवशावर. आणि तिच्या डॉक्टरांशी तिला स्वतःला बोलू दे.

प्रश्न : लसी, औषधे आणि विमा यांबद्दल लिहाल का? (दोन-तीन वाचक)

लिहिते, पण मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली बाई आहे, डॉक्टर नाही.

पिवळ्या तापाची लस. कोलंबिया पिवळ्या तापाच्या देशांत मोडतो. अशा देशातून निघून ६ दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लसीचं प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात जावं लागू शकतं. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी लागू होतं. आता आपल्या वयाची गोष्ट : साठीनंतर ही लस आयुष्यात पहिल्यांदा घेणाऱ्यांत गंभीर त्रास होण्याचा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो. वारंवार होतो असं नाही, पण जास्त असतो. म्हणून तिकीट काढायच्या आधी डॉक्टर, नंतर नाही. माझं नशीब असं, की २०११मध्ये केनियाला जाताना मी ती घेतली होती. पिवळ्या पुस्तिकेवर दहा वर्षांची मुदत लिहिली होती, पण २०१६पासून ते प्रमाणपत्र जन्मभर चालतं, जुनंसुद्धा. मी पुस्तिका रेशन कार्डाबरोबर ठेवली होती, म्हणून सापडली.

रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर विचारावी. काही गोळ्यांत शरीरातलं पाणी लघवीवाटे बाहेर काढणारं औषध असतं. त्या दमट हवेत तासन्‌तास घाम गाळायचा आणि वर ही गोळी, म्हणजे पाणी आणि क्षार दोन्ही जातात. माझी गोळी डॉक्टरांनी निघायच्या आधी बदलून दिली. तरी पहिल्या रात्री पोटऱ्यांत असे गोळे आले, की वरच्या पलंगावरचा जर्मन मुलगा माझ्या ओरडण्याने खाली उतरून आला. दिवसभर मी नुसतंच पाणी पीत होते, साखर-मीठ काही नाही. दुसऱ्या दिवसापासून दर बाटलीत क्षारांची पुडी.

विमा घेताना वयाची मर्यादा आणि ‘ट्रेकिंग’ हा शब्द, दोन्ही बारीक अक्षरांत शोधा.

प्रश्न : शाकाहारी माणसाचे काय? आणि बायकांच्या सोयीचे? (एक वाचक, कराड)

आधी कळवलं तर शाकाहाराची सोय होते. भात, घेवड्यासारखी उसळ, अंडी खात असाल तर अंडी, आणि पाताकोन, म्हणजे कच्च्या मोठ्या केळ्याचे काप चेपून तळलेले. युका नावाचा कंद देतात, तो म्हणजे आपल्या साबुदाण्याचा बाप. वाटेत ठिकठिकाणी कलिंगडाच्या आणि संत्र्याच्या फोडी मिळतात. पण मला लक्षात राहिलं ते पानेला. मुक्कामाला पोचलं की गरम गोड पाण्याचा पेला हातात यायचा. पहिला घोट घेतला आणि मी मुलीला म्हटलं, “अगं, हा गूळ आहे!” उसाचा रस आटवून केलेली ढेप, तीच पाण्यात विरघळवलेली. आजोळी उन्हातून आलेल्याला आजी गूळपाणी द्यायची, त्यानंतर कुणी दिलं नव्हतं.

झोपायला छपराखाली ओळीने दुमजली पलंग, प्रत्येकाला मच्छरदाणी. बाजूंना भिंती नाहीत. खालचा पलंग मागून घ्या, लाजू नका, रात्री दोनदा उठावं लागतं. डोक्याला बांधायची विजेरी हवीच. संडास आणि गार पाण्याची न्हाणीघरं आहेत. ओला कपडा चार दिवसांत वाळत नाही, एक जोड कोरडा प्लॅस्टिकमध्ये बांधून फक्त रात्रीसाठी ठेवा. फोनला रेंज नाही. जिची नोकरी लोकांना फोन जोडून देण्यात सुरू झाली, तिला याचा किती आनंद व्हावा!

प्रश्न : एवढे चालून तिथे बघायला काय आहे? (एक वाचक, संभाजीनगर)

जोती.

रायगडावर वाड्यांची जोती उरली आहेत ना, वरचं लाकूडकाम गेलेलं, तसंच समजा. फक्त ही जोती गोल आहेत, दगडांनी बांधून काढलेली, एकावर एक चढत गेलेली, एकूण १६९ चौथरे. घरं लाकूड-गवताची होती, ती केव्हाच मातीला मिळाली. इ. स. ८००च्या सुमाराचं हे शहर, पेरूच्या माचू पिचूच्या सहाएकशे वर्षं आधीचं. स्पॅनिश आले त्या धामधुमीत ओस पडलं आणि झाडांनी गिळलं. १९७२मध्ये कबरी खणून सोनं विकणाऱ्या लोकांना ते सापडलं, त्यांच्यात आपसांत मारामाऱ्या झाल्या, चोरबाजारात दागिने दिसू लागले, आणि १९७६मध्ये सरकारी पुरातत्त्ववाले पोचले. तिथल्या चार जमाती म्हणतात, आम्हाला ते कधी हरवलंच नव्हतं.

वर जायला नदी ओलांडून सुमारे १,२०० पायऱ्या. माझ्या हिशेबाने पर्वती जवळजवळ बारा वेळा. पण एकेक पायरी इतकी अरुंद आणि शेवाळलेली, की पाऊल आडवं ठेवावं लागतं. हत्तीचा तर प्रश्नच नाही. उतरताना मी खेकड्यासारखी, बाजूने उतरले, एक हात वरच्या पायरीवर टेकून. चढायला लागला त्याहून जास्त वेळ उतरायला लागला.

वर सैनिकांची एक तुकडी असते. २००३मध्ये इथून आठ परदेशी पर्यटकांना बंडखोरांनी पळवून नेलं होतं, नंतर ते सुटले, पण वाट काही काळ बंद होती. सैनिक आमच्या गटातल्या पोरांएवढेच, मोबाइलमध्ये फोटो दाखवत बसलेले. आणि लक्षात ठेवा, एकट्याने जाता येत नाही, परवाना असलेल्या कंपनीबरोबरच जावं लागतं. सप्टेंबरात जमातींचे शुद्धीचे विधी असतात म्हणून वाट बंद ठेवतात. पावसाचा जोर ऑक्टोबर-नोव्हेंबरात. डिसेंबर ते मार्च बरं.

चार जमाती म्हणजे कोगी, विवा, आरुआको आणि कान्कुआमो. त्यांच्या पारंपरिक ज्ञानाला २०२२मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. कोगींचं एक गाव वाटेवर लागतं. गोल झोपड्या, पांढरे शुभ्र कपडे, गळ्यात विणलेल्या झोळ्या. पुरुषांच्या हातात पोपोरो नावाचा छोटा भोपळा असतो. त्यात शिंपले जाळून केलेला चुना. काडीने चुना काढायचा आणि तोंडातल्या कोकाच्या पानांना लावायचा. माझ्याबरोबरच्या पोरांना ते फार गूढ वाटलं. मला आमच्या गावाकडचे वाटेकरी आठवले, तळहातावर तंबाखू-चुना मळणारे. तिथे दोन पुरुष भेटले की रामराम म्हणून हात जोडत नाहीत, एकमेकांच्या झोळीत मूठभर पानं टाकतात. आपल्याकडे चंची पुढे करायचे ना, तसं. फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका, आणि वाटाड्या नको म्हणाला तर विचारूही नका.

हे लोक स्वतःला थोरले भाऊ मानतात. जगाचा तोल राखायचं काम आपलं, असं त्यांचं म्हणणं. बाहेरचे सगळे धाकटे, अजून अक्कल न आलेले. वाटाड्या हे सांगत होता तेव्हा मी एका जोत्याच्या कडेला बूट काढून अंगठे बघत बसले होते. मी विचारलं, मीसुद्धा धाकटीच का? मुलीने भाषांतर केलं. तो म्हणाला, “हो अबुएला, तुम्हीसुद्धा.” गेल्या कित्येक वर्षांत मला कुणी धाकटं म्हटलं नव्हतं.

प्रश्न : शेवटी खेचरावर बसलात, मग ट्रेक ‘पूर्ण केला’ असे कसे म्हणता? (एक गिर्यारोहक वाचक, ठाणे)

म्हणतच नाही. मागचा अंक काढून बघा, ‘चालून आले आणि खेचरावर बसले’ असं लिहिलंय.

झालं असं. पहिल्या दिवशी जो साबणासारखा उतार उतरलो, तोच चौथ्या दिवशी परतीचा चढ होता. सकाळपासून आधीच बरंच चाललो होतो. अंगठे बुटात मावत नव्हते. सामान नेणारी खेचरं त्या वाटेने ये-जा करतात, आणि पैसे दिले तर माणसालाही नेतात. वाटाड्याने मला विचारलं नाही, नुसतं खेचर आणून माझ्याजवळ उभं केलं आणि स्वतः झाड बघायला लागला. मी बरोबर दोन मिनिटं विचार केला. पहिल्या मिनिटात सिंहगडावरचे ते काका आठवले, जे प्रत्येकाला आपली वेळ सांगतात. दुसऱ्या मिनिटात जीप आठवली. तेव्हा उतारासाठी घेतली होती, आता चढासाठी घ्यायची, म्हणजे हिशेब फिटला.

चढावर आमच्या गटाला मी मागे टाकलं. जर्मन मुलाने टाळ्या वाजवल्या, मुलीने फोटो काढला, तो तिने आमच्या ह्यांना पाठवला आणि ह्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. माथ्यावर कलिंगडवाल्याचं छप्पर आहे. खेचराला ते पाठ होतं. तिथे ते थांबलं, बादलीतली सालं खायला लागलं, आणि सालं संपेपर्यंत एक पाऊल हललं नाही. मीही उतरले नाही. वरूनच हात लांब करून एक फोड घेतली.